देवी नको, वर्ग काढा

कागदावर दोन सह्या आहेत. वरची माझ्या शेजारच्या मशीनवरच्या दोस्ताची. खालची, साक्षीदार म्हणून, माझी. दोन्ही सह्या इंग्रजीत. वरचा मजकूरही इंग्रजीत. आणि आम्हा दोघांनाही त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती.

मित्रांनो, गोष्ट चार वर्षांपूर्वीची. इचलकरंजीच्या बाजूची एक सूतगिरणी. नाव लिहीत नाही. एका गिरणीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. तिसरी पाळी होती. कार्डिंग खात्यात मशीन चालू ठेवूनच रोलरला गुंडाळलेला कापूस काढायचा, असा तोंडी हुकूम. मशीन थांबवलं की प्रॉडक्शन पडतं. प्रॉडक्शन पडलं की सुपरवायझर अंगावर येतो. दोस्ताच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सही करायला लागणारी बोटं तेवढी शाबूत राहिली.

आठव्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं. सोबत मी. साहेबानं टेबलावरून कागद सरकवला. म्हणाला, "दवाखान्याचे पैसे मिळाल्याची पावती आहे. सही करा." दोस्तानं माझ्याकडं बघितलं. "काय लिवलंय रं?" मी म्हणलं, "पावती हाय म्हणतेत." त्यानं सही केली. मग मी केली.

चार महिन्यांनी भरपाईसाठी धावाधाव सुरू झाली तेव्हा तो कागद बाहेर आला. वस्तीतली एक पोरगी वकिली शिकते. तिनं वाचून दाखवला. जखम कामाच्या वेळेबाहेर, राहत्या खोलीवर झाली. गिरणीनं माणुसकी म्हणून आठ हजार रुपये दिले. माझी आता कुठलीही मागणी नाही. मी राजीखुशीनं नोकरी सोडतो आहे. खाली माझी साक्ष. म्हणजे दोस्ताची बोटं त्याच्या खोलीत तुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलं!

कामगार विम्यात कायमच्या अपंगत्वाची भरपाई मिळते ती कामावरच्या जखमेला. खोलीवरच्या जखमेला नाही. त्या एका ओळीनं त्याचा हक्क खाल्ला. आम्ही साहेबाकडं गेलो. म्हणालो, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्हाला फसवलं. साहेब हसला. म्हणाला, "सही तर इंग्रजीत आहे की."

इथंच मला माझा अर्धा जन्म कळला. इंग्रजीतली सही आम्ही हौसेनं शिकलो होतो. अंगठा ही आज्याची लाज. मराठी सही ही बापाची. इंग्रजी सही म्हणजे आपण शहरात आलो, सुधारलो. वहीच्या मागच्या पानावर शंभर शंभर वेळा गिरवलेली ती सही. तिच्यापुढं एक अक्षर येत नव्हतं. ज्याला आम्ही आमची इज्जत समजत होतो, त्यालाच त्यांनी पुरावा केलं.

आता कुणी म्हणेल, ही तर गिरणीमालकाची लबाडी, यात भाषेचा काय दोष? खरं आहे. लबाडी मराठीतही होते. पण मराठी कागद मी वाचला असता. वाचून भांडलो असतो, नाहीतर निदान लाचारीनं सही केली असती. लाचार माणसाला आपण लाचार आहोत हे तरी ठाऊक असतं. आम्हाला तेवढंही ठाऊक नव्हतं.

* * *

मी बीडकडचा. आईबाप ऊसतोडीला. एक कोयता, म्हणजे नवरा आणि बायको. मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमाराला गाडी भरून कोल्हापूरच्या, सांगलीच्या कारखान्यावर यायचं. ते पार मार्च-एप्रिलला परत. शाळेचं निम्मं वर्ष फडात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मी पहिलीत गेलो २००५ ला. म्हणजे इंग्रजी माझ्या पाटीवर असायला पाहिजे होतं. पण बाई एबीसीडी संपवून शब्दांना लागायच्या तेव्हा मी उसाच्या कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसलेलो असायचो. जूनमध्ये परत आलो की वर्ग पुढं गेलेला. सातवीला शाळा सुटली. सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा २००९ चा कायदा तेव्हा लागू झालेला होता. पण तो फडात आला नाही. फडात फक्त मुकादम आला.

मग एका हंगामाला आईबाप गावाकडं परतले आणि मी इथंच राहिलो. गिरणीत डॉफर म्हणून लागलो. भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या. आमच्या खोलीत तेव्हा सात जण होतो. दोघं मराठवाड्याचे, एक विजापूरकडचा, तिघं बिहारचे, एक ओडिशाचा. चार भाषा आणि एक स्टोव्ह.

तुम्ही म्हणाल, गिरणीतल्या माणसाला इंग्रजी येतच नाही कसं? येतं ना! मोजून बघा. शिफ्ट, ड्युटी, ओव्हरटाईम, ब्रेकडाऊन, डॉफिंग, रिंगफ्रेम, वाइंडिंग, सुपरवायझर, गेटपास, ॲबसेंट, वॉर्निंग, सस्पेंड. दीडदोनशे शब्द तर ओडिशाच्या पोरालाही दुसऱ्या महिन्यात पाठ होतात. पण हे सगळे शब्द हुकूम ऐकायचे आहेत. हुकूम ऐकण्यापुरतं इंग्रजी आम्हाला फुकट शिकवलं जातं, पगारी वेळेत शिकवलं जातं. सवाल विचारायचं इंग्रजी मात्र बाजारात विकत घ्यायचं. का? कुठल्या नियमाखाली? माझ्या पगारातून हे किती कापलं? हे मला वाचू द्या, मग सही करतो. ही चार वाक्यं कुठल्याही खात्यात शिकवत नाहीत.

आमच्या बापजाद्यांना वेदाचा शब्द कानावर पडला तर पाप होतं. आम्हाला इंग्रजी शब्द दिवसभर कानावर पाडतात, पण कागद डोळ्याला लागू देत नाहीत. फरक एवढाच.

* * *

यावर तीन तऱ्हेची माणसं मला उत्तर देतात. तिघांनाही इथं घेतो.

पहिले मराठीवाले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मलाही बरं वाटलं. मी कविता मराठीत लिहितो आणि मरेपर्यंत मराठीतच लिहीन. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय काढला. लोक रस्त्यावर आले. २९ जून २०२५ ला सरकारनं निर्णय मागं घेतला. चांगलं झालं. पण त्या सगळ्या गदारोळात मी एक गोष्ट शोधत होतो, ती सापडली नाही. गिरणीच्या ऑफिसातल्या कागदाची भाषा कुठली, हे कुणी विचारलं का? १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं की भिंतीवर लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात. भिंतीला कायदा होता. टेबलावरून सरकवलेल्या कागदाला कुणाचं भाषाप्रेम आडवं आलं नाही.

मातृभाषेतून शिका, असं आम्हाला सांगणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, तेवढं सांगा. स्वतःच्या घरात इंग्रजीचा दिवा आणि आमच्या वस्तीला मातृभाषेचं व्याख्यान. ही जुनीच बामणी चाल आहे. आधी संस्कृत आपल्याकडं ठेवलं. शाळकरी भीमरावाला संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यायला लावलं. आता इंग्रजी आपल्याकडं ठेवायचं आणि मराठीचं सोवळं आमच्या डोक्यावर द्यायचं. मराठी आमची आईच आहे. तिला जपायला आम्हाला कुणी शिकवायला नको. दळताना, तोडताना, मारताना, मरताना तिलाच हाक मारलीय आम्ही.

दुसरे आपल्यातलेच जहाल दोस्त. ते म्हणतात, इंग्रजी ही भांडवलदारांची, साम्राज्यशाहीची भाषा. अरे, आहेच! म्हणून तर शिकायची. पोलिसाची भाषा चोराला येते, मग चोरी झालेल्याला का येऊ नये? जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. त्यात इंग्रज सरकारलाच सुनावलं की शेतकऱ्यांकडून कर गोळा करता आणि शिक्षण वरच्या वर्गाला देता. ज्याची भाषा, त्याच्याच तोंडावर. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' संग्रह १८५४ चा. त्यात त्यांनी इंग्रजीला माउली म्हटलंय. तेव्हा आमच्या बायका पाणवठ्याला शिवू शकत नव्हत्या. सावित्रीबाईंना इंग्रज प्यारा नव्हता. त्यांना पेशवाईचं कुलूप उघडायची किल्ली दिसली होती.

तिसरे लोक सगळ्यात अवघड, कारण ते माझ्याच बाजूचे वाटतात. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात बांका नावाचं गाव आहे. तिथं २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. कल्पना चंद्रभान प्रसाद या दलित विचारवंताची. देवीची मूर्ती अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या धर्तीवर. हातात पेन, हातात संविधान, पायाखाली संगणक. हेतू मला कळतो. शिकलं पाहिजे, हे लोकांच्या मनात ठसवायचं. प्रसादांच्या बुद्धीचा मी आदर करतो. पण माझं म्हणणं सरळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण तेहतीस कोटी सोडले. आता चौतिसाव्या कोटीत एक नवी देवी कशाला? देवी झाली की पुजारी होतो. पुजारी झाला की दक्षिणा होते. इंग्रजीच्या देवीचे पुजारी शहराच्या प्रत्येक नाक्यावर बसलेत. नव्वद दिवसांत फाडफाड बोला, असा बोर्ड लावून. माझ्या दोस्ताला देवी नको होती. त्याला तो कागद वाचायचा होता. देवीपुढं हात जोडायचे असतात. वर्गात हात वर करायचा असतो. मला हात वर करायचाय.

* * *

आणि यापेक्षा एक मोठी गोष्ट आहे. बाबासाहेबांची.

आपण त्यांना बाप म्हणतो. त्या बापानं आपल्याशी बोलायला मराठी वापरली. १९२० चं 'मूकनायक', १९२७ चं 'बहिष्कृत भारत' मराठीत. पण जगाला आणि सरकारला जाब विचारला तो इंग्रजीत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं भाषण त्या लोकांना पचेना. त्यांनी परिषदच रद्द केली. तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं, इंग्रजीत. राज्य आणि अल्पसंख्याक, शूद्र कोण होते, बुद्ध आणि त्यांचा धम्म, सगळं इंग्रजीत. १९७९ पासून महाराष्ट्र सरकार त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जे जाडजाड खंड काढतंय, ते बहुतेक इंग्रजीतच. जयंतीला आपण त्या खंडांना हार घालतो. म्हणजे काय झालं? बापानं पत्र लिहून ठेवलंय, आणि पोरं ते शेजाऱ्याकडून वाचून घेतात. शेजारी जेवढं सांगेल तेवढाच बाप आपल्याला कळतो. मला भाषांतर करणाऱ्यांचा राग नाही, त्यांच्यामुळंच मी वाचता झालो. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी बाप बघायचा का?

आणि त्याच बापानं लिहिलेल्या संविधानात अनुच्छेद ३४८ आहे. संसद कायद्यानं दुसरं काही ठरवत नाही तोवर सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. खैरलांजीचा खटला असो की माझ्या दोस्ताच्या बोटांचा, तो वर गेला की आपल्याला कळणाऱ्या भाषेतून बाहेर जातो. आपण मागं बसायचं, वकिलाच्या तोंडाकडं बघायचं, आणि तो हसला तर आपण जिंकलो समजायचं. हा नियम बदलला पाहिजे, हेही मी म्हणतो. पण तो बदलेपर्यंत माझी तारीख थांबत नाही.

* * *

आता वर्गाचं बोलू. शिकायचं कुठं?

दोस्ताच्या त्या प्रकरणानंतर मी क्लास शोधायला निघालो. तीन महिन्यांचे सात हजार. माझ्या हातात तेव्हा महिन्याला बारा हजार यायचे, त्यातले पाच गावाकडं जायचे. तरी म्हणलं, भरू. वेळ विचारली. संध्याकाळी सात ते साडेआठ. आमची पाळी दर आठवड्याला फिरते. एका आठवड्याला मी सातला मोकळा. दुसऱ्या आठवड्याला सातला मशीनवर. तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळीआधी झोपलेला. म्हणजे तीन आठवड्यांतला एक धडा मिळणार आणि पैसे तिन्हींचे. त्याला म्हणलं, सकाळी घ्या ना. तो म्हणाला, "सकाळी कॉलेजची मुलं असतात." वर्गात गेलो तर पहिलं पान, माय नेम इज. पुढं विमानतळावर कसं बोलायचं. हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची. मी उभा राहून विचारलं, रजेचा अर्ज कधी शिकवणार? पोरं हसली. मी परत गेलो नाही.

बायकांचं तर विचारूच नका. वाइंडिंगला आमच्या निम्म्या आयाबहिणी. कामावरून आल्या की चूल, पाणी, पोर. त्यांना सात वाजता घराबाहेर दोन किलोमीटर कोण सोडणार? आणि बिहार-ओडिशाच्या पोरांना तर क्लासवाला मराठीतून इंग्रजी शिकवतो. म्हणजे त्यांच्यापुढं कुलपावर कुलूप.

सरकारी शाळा आहे. इमारत आहे, बाकं आहेत, फळा आहे, लाईट आहे. संध्याकाळी तिला टाळं. आणि दोस्तांनो, मन घट्ट करून ऐका. आपल्या विहारालाही टाळं. रविवारी वंदना, मग टाळं. पौर्णिमेला उघडतं, मग टाळं. १४ एप्रिलला डीजे येतो, छाती फाटेल एवढा आवाज. फ्लेक्सवर पंधरा तोंडं, त्यात एकाचंही तोंड आठवड्यातून एक तास कुणाला काही शिकवत नाही. गेल्या वर्षी आमच्या वस्तीनं डीजेला किती मोजले ते मी लिहीत नाही. वर्गणी गोळा करणाऱ्यांत मीही होतो. लाज माझीही आहे.

आणि शिकलेले? त्यांनी कॉलनीत घर घेतलं. त्यांची पोरं इंग्रजी शाळेत. आनंद आहे. आम्ही त्यांच्यावर जळत नाही. पण जयंतीला ते पांढऱ्या कपड्यात येतात, माइकवरून म्हणतात, "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा." साहेब, शिका हा हुकूम आम्हाला आहे, तर शिकवा हा तुम्हाला आहे. १८५५ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्यांसाठी. त्यांनी लोकांना सांगितलं नाही की तुमची वेळ आमच्या वेळेशी जुळवा. त्यांनी स्वतःची रात्र दिली.

म्हणून माझं म्हणणं असं.

विहार रोज उघडा. दिवसातून तीन वेळा. सकाळी आठला रात्रपाळी सुटलेल्यांसाठी, दुपारी चारला पहिली पाळी सुटलेल्यांसाठी, संध्याकाळी सातला बाकीच्यांसाठी. तिन्ही वेळा तोच धडा. पाळी फिरली तरी माणूस मागं पडणार नाही. बायकांचा वर्ग त्यांना विचारून लावा, गल्लीतल्याच एका घरात, मांडीवर पोर घेऊन बसता येईल असा. शिकवायला आपल्यातले बारावी-बीए झालेले. प्रत्येकानं आठवड्याला दोन तास. ज्याची परिस्थिती नाही त्याला मानधन द्या, डीजेच्या पैशातून. पहिलं पुस्तक एबीसीडीचं नको, कागदांचं हवं. पगाराची पावती. रजेचा अर्ज. राजीनामा, तो ओळखता यावा म्हणून. विम्याचं कार्ड. बँकेचा फॉर्म. मग बाबासाहेबांचं एक पान. आणि नगरपालिकेची आता महानगरपालिका झालीय, तिच्या दारात जाऊन मागणी करा, शाळांची टाळी रात्री काढा. हा आमच्या करातला फळा आहे.

आणि एक. दारावर जात विचारू नका, प्रांतही विचारू नका. माझ्या खोलीतला ओडिशाचा पोरगा आमच्याइतकाच गावकुसाबाहेरचा आहे, फक्त त्याचं गावकूस हजार मैलांवर आहे. गिरणीत मराठी विरुद्ध भय्या अशी भांडणं लावली की मालकाचं काम सोपं होतं. तो पोरगा विहारात आपल्या शेजारी बसून कागद वाचायला शिकला तर मालकाचं काम अवघड होईल.

* * *

हे सगळं बोलून मी गप्प बसलो असतो तर मीही फ्लेक्सवरचा सोळावा. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या खोलीत वर्ग चालतो. मी शिकवत नाही, मला तेवढं येत नाही. रद्दीतून घेतलेली डिक्शनरी आणि ती वकिली शिकणारी पोरगी, तिच्या जिवावर चाललंय. सुरुवातीला अकरा जण. आता पाच. दोघं गावाकडं गेले, चौघं झोपेनं हरले. खोली लहान, उकाडा, डोळ्यांत कापसाची धूळ. पण गेल्या महिन्यात ओडिशाच्या पोरापुढं ऑफिसात कागद सरकवला गेला. तो म्हणाला, "पहले पढूँगा." साहेब म्हणाला, "तुला काय कळतंय?" तो म्हणाला, "जितना समझेगा उतना." आणि उभ्या उभ्या, बोट ठेवून, अडखळत, एक पान वाचायला त्यानं वीस मिनिटं लावली. साहेबाला वीस मिनिटं थांबावं लागलं.

गिरणीत इतकी वर्षं झाली. साहेबाला आमच्यासाठी थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

दोस्ताची बोटं काही परत येत नाहीत. तो आता एका गोदामाच्या गेटवर वॉचमन आहे. परवा वर्गात आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "मला आता काय करायचंय शिकून?" मी त्याच्या हातात त्याच कागदाची झेरॉक्स दिली आणि म्हणलं, बस. पहिली ओळ लाव. त्यानं तासभर लावून ओळ लावली. मग खाली आला. माझ्या सहीवर उरलेलं बोट ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही.

त्या बघण्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. म्हणून हे लिहितोय.

विहाराची किल्ली कुणाकडं आहे? त्याच्याकडं आज जा. उद्या नको.

जय भीम.